रूमदेशच्या सुना

धाराशिव जिल्हा आणि तुर्कस्थान ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. बालाघाटाच्या पठारावर पसरलेला हा आमचा मुलूख समुद्रापासून दूर. येथे ज्वारी पिकते, तूर-हरभरा पिकतो. तुळजाभवानीच्या दर्शनास आश्विनात माणसांचे थवे पायी चालत येतात. आणि परदेशाची वार्ता आलीच तर ती वर्तमानपत्रातून. तथापि जुन्या मराठी लिखाणात 'रूमशाम' हा शब्द ज्यांनी वाचला असेल त्यांस हे ठाऊक असेल की, त्यातला शाम म्हणजे सिरिया आणि रूम म्हणजे आजचे तुर्कस्थान. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील भाग तो रूम. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ साली तुर्कांनी घेतली, तरी पूर्वेकडच्या लोकांच्या तोंडी जुने नाव राहिले ते राहिलेच. ह्या रूमदेशाचे धागे आमच्या जिल्ह्यात एक नव्हे, तीन ठिकाणी सापडतात.

आज सुशिक्षित कुटुंबांत असे घर विरळा की ज्यातला एखादा मुलगा वा मुलगी परदेशी नाही. कोणी तेथेच संसार थाटतो, कोणी तिकडची सून घेऊन येतो. परक्या देशी जोडीदाराच्या आधारावर रुजणे म्हणजे काय, हा विचार आता घरोघरचा झाला आहे. तो विचार आमच्याच जिल्ह्याच्या वाटांनी करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम तेरला जाऊ. तेरणा नदीच्या काठचे हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांस माहीत आहे. परंतु गोरोबाकाकांच्या हजार-बाराशे वर्षे आधी हेच गाव 'तगर' ह्या नावाने यवन व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवर्णनात तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून येथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जाई, असे तो ग्रंथकार सांगतो. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई नगराच्या उत्खननात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचे साम्य पाहून मन चकित होते. तेरच्या मातीत रोमन धर्तीच्या वस्तूही मिळाल्या आहेत. त्या काळी माल गेला, माल आला. माणसे मात्र बहुधा आली तशी परत गेली.

माणूस येऊन राहिल्याची खूण पाहावयाची तर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, परांड्याच्या किल्ल्यात जावे. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' तोफ सर्वांनी ऐकली आहे. सुमारे १४ फूट लांबीची, अदमासे ५५ टन वजनाची ही तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. तिच्या तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेल्या हिंस्र पशूचे मुख कोरले असून तिच्यावरील लेखात ओतणाऱ्याचे नाव आहे: महंमद बिन हसन रूमी. रूमी, म्हणजे रूमदेशचा. ही तोफ पुढे परांड्यास होती, आणि १६३२ साली मुरारपंतांनी ती विजापुरास नेली. तिच्या सोबतची 'कडक बिजली' नेताना भीमेत बुडाली, अशी आख्यायिका आहे. खुद्द 'तोफ' हा शब्दही तुर्की 'टोप' ह्याचेच रूप होय. चाकू, कैची, चकमक आणि बेगम हेही त्याच वाटेने आमच्या भाषेत आले. निजामशाहीने त्या कारागिराला मान दिला तो त्याच्या हातातील विद्येकरिता. त्याच्या बायकामुलांचे काय झाले, तो कोणती भाषा बोलत मेला, ह्याविषयी तोफेवरचा लेख मुका आहे. एवढे मात्र दिसते की, चारशे-पावणेपाचशे वर्षे गेल्यावरही त्याला त्याच्याच नावाने ओळखतात.

तिसरा धागा स्वतः धाराशिव शहराचा, आणि तोच खरा आमच्या विषयाचा गाभा. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या नावावरून ह्या गावास उस्मानाबाद म्हणू लागले. दप्तरात उस्मानाबाद लिहावे आणि बोलताना धाराशिव म्हणावे, अशी येथील जुन्या माणसांची रीत होती. ज्या पुरुषाचे नाव आमच्या गावाला मिळाले, त्याच्या घरी १९३१ साली तुर्कस्थानातून दोन सुना आल्या.

तुर्कस्थानात १९२२ साली सुलतानपद आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली. अखेरचे खलिफा अब्दुलमजीद ह्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. त्यांची कन्या दुर्रुशेहवार तेव्हा अवघी दहा वर्षांची. काही दिवस स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरी हे कुटुंब राहिले. निजामाकडून त्यांना दरमहा ३०० पौंड जात. मौलाना शौकत अली ह्यांच्या मध्यस्थीने सोयरीक जमली. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीस येथे दुर्रुशेहवार ह्यांचा निजामाचे थोरले पुत्र आझम जाह ह्यांच्याशी, आणि त्याच उस्मानी राजघराण्यातील नीलोफर ह्यांचा धाकटे पुत्र मुअज्जम जाह ह्यांच्याशी विवाह झाला. एक सतरा वर्षांची, दुसरी पंधरा.

व्हेनिसहून 'पिल्स्ना' नावाच्या आगबोटीने वऱ्हाड हिंदुस्थानास निघाले. गोलमेज परिषदेहून परतणारे महात्मा गांधी ब्रिंदिसीला त्याच बोटीवर चढले होते. २८ डिसेंबरला बोट मुंबईस लागली आणि आठवड्याच्या आत गांधीजी तुरुंगात गेले. बोटीवरील त्या दोन आठवड्यांत ह्या दोन मुलींची शाळा चालू होती. साडी कशी नेसावी, सासऱ्यासमोर कसे वागावे-बोलावे, उर्दूचे चार शब्द कसे उच्चारावे, हे सगळे त्यांना शिकविले जात होते. मग आगगाडी. मुंबईहून हैदराबादेस जाणारा लोहमार्ग सोलापूर व वाडीवरून, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण शिवेपासून थोड्याच अंतराने जातो. सासरच्या राज्याचे उजाड, खडकाळ माळ पाहून त्या मुलींच्या मनात काय आले असेल! ज्यांनी पंधरा-सोळाव्या वर्षी कोकणातून घाटावर वा घाटावरून वऱ्हाडात आलेल्या आपल्या आज्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. राजकन्येची पेटी मोठी असते, रडू तेच.

सासरी दोघींस नवे किताब मिळाले. दुर्रुशेहवार झाल्या 'दुर्दाना बेगम', नीलोफर झाल्या 'फरहत बेगम'. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात, त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी की, ही नवी नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत. हैदराबादने त्यांना माहेरच्या नावांनीच लक्षात ठेवले. त्यातून 'नीलोफर' हे नाव तर खरे पाहता परदेशी नव्हेच. आपल्या संस्कृत 'नीलोत्पल' शब्दाचे फारसीत नीलूफर झाले, तेथून ते तुर्कीत गेले, आणि निळ्या कमळाचे ते नाव धारण करणारी मुलगी शेवटी कमळाच्याच देशात सून म्हणून आली.

ह्या सुनांचे संसार सुखाचे झाले काय? कौटुंबिक सुखाच्या दृष्टीने पाहिले तर नाही. दोघी पडदा न पाळता वावरत, सभा-समारंभांस जात, टेनिस खेळत. हैदराबादच्या उच्च घराण्यांत हे नवे होते. थोरल्या सूनबाई नवऱ्याहून उंच होत्या आणि सासऱ्यांना ह्याचे कौतुक वाटे. निजाम त्यांचा उल्लेख 'नगीना' असा करीत. १९३३ साली मुकर्रम जाह आणि १९३९ साली मुफ्फखम जाह हे दोन पुत्र त्यांना झाले. पुत्रांच्या शिक्षणाकडे त्यांनी जातीने लक्ष दिले. पतीशी मात्र मन जुळले नाही. धाकट्या नीलोफर ह्यांना मूल झाले नाही, आणि १९५२ साली त्यांचा विवाहही संपुष्टात आला. पुढचे आयुष्य त्यांनी पॅरिसमध्ये काढले आणि १९८९ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

आता ज्यामुळे आम्ही हा विषय हाती घेतला ती गोष्ट सांगतो. नीलोफर ह्यांच्या पदरी असलेली एक दासी बाळंतपणात, योग्य उपचार न मिळाल्यामुळे, दगावली. ते दुःख त्या विसरल्या नाहीत. ज्या शहरात असे मरण येते तेथे बायकामुलांसाठी रुग्णालय हवे, हा त्यांनी ध्यास घेतला. आणि त्यातून हैदराबादच्या रेड हिल्स भागातील नीलोफर रुग्णालय उभे राहिले. १९५३ साली सुरू झालेले हे रुग्णालय आजही चालू असून आसपासच्या जिल्ह्यांतील गोरगरीब आपली तान्ही मुले घेऊन तेथे येतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी हैदराबादच होती, हे येथे लक्षात ठेवावे. जिची स्वतःची कूस उजवली नाही, जिला सासर टिकले नाही, त्या परदेशी मुलीचे नाव घेऊन आज लाखो आया दाराशी उभ्या राहतात. दुर्रुशेहवार ह्यांच्या नावाचे रुग्णालयही पुरानी हवेलीच्या परिसरात आहे. पतीच्या घरात ज्यांस मुळे धरता आली नाहीत, त्यांनी त्या घराबाहेरच्या मातीत ती धरली.

माहेर तर केव्हाच तुटले होते. १९२४ च्या कायद्याने ह्या राजघराण्यास तुर्कस्थानात प्रवेश बंद झाला, तो स्त्रियांसाठी १९५२ साली आणि पुरुषांसाठी १९७४ साली उठला. खलिफा अब्दुलमजीद १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये निधन पावले. त्यांचे दफन मायदेशी व्हावे म्हणून लेकीने केलेली विनंती तुर्की सरकारने मान्य केली नाही. सुमारे दहा वर्षे ते शव पॅरिसच्या मशिदीत राहिले आणि १९५४ साली मदिनेस नेण्यात आले. आपल्या मराठवाड्यातच, खुलताबादजवळ, तुर्की धर्तीची एक रिकामी समाधी आहे. निजामाने ती व्याह्यासाठी बांधविली, असे अभ्यासक सांगतात. दुर्रुशेहवार स्वतः २००६ साली लंडनमध्ये वारल्या. तोवर तुर्कस्थानचे दार उघडले होते. तरी ज्या मातीने वडिलांना जागा दिली नाही त्या मातीत त्या गेल्या नाहीत. इंग्लंडातच त्यांना मूठमाती मिळाली. मानी बाई!

पण पुत्राने उलटी वाट धरली. आझम जाह ह्यांना डावलून १९६७ साली आजोबांमागून मुकर्रम जाह ह्यांस निजामपद मिळाले. त्यांची पहिली पत्नी एसरा तुर्कच. विवाह १९५९ सालचा. पुढे संस्थानिकांचे तनखे गेले, कज्जेदलाल वाढले. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे कुरण घेऊन ते तेथे राहिले, आणि उतारवयात तुर्कस्थानात स्थायिक झाले. ज्यांच्या आजोबांची गणना जगातील सर्वांत धनाढ्यांत होई, ते अंतल्या शहरी एका लहानशा सदनिकेत राहत. तेथे त्यांना कोणी हुजूर म्हणत नसे.

अशा नवागतास त्या देशात रोज काय भेटते, हे आता थोडक्यात पाहू. कारण आज तिकडे विवाह करून जाणारी मुले-मुली हिंदुस्थानातही आहेत. भाषा प्रथम. तुर्कीची लिपी १९२८ पासून रोमन आहे, म्हणून अक्षर वाचता येते. अर्थ मात्र शब्दाच्या शेपटीत असतो. 'एव' म्हणजे घर, 'एव्दे' घरात, 'एव्देन' घरातून, 'एविम' माझे घर. ज्याने लहानपणी विभक्तिप्रत्यय घोकले आहेत त्याला हे परके वाटणार नाही. ह्याच 'एव' पासून 'एव्लेनमेक' हे क्रियापद बनते. त्याचा अर्थ विवाह करणे, शब्दशः 'घराचा होणे'. आपला 'गृहस्थ' शब्द नेमका हेच सांगतो.

स्वयंपाकघरातही फारसे बिचकावयास नको. वांग्याला तेथे 'पात्लिजान' म्हणतात. तो शब्द आणि आपले वांगे दोन्ही एकाच संस्कृत 'वातिंगण' शब्दाची लेकरे होत. 'शेकेर' म्हणजे शर्करा. भेंडी आहे, मसुरीचे सार आहे, हरभरे आहेत, गव्हाच्या भरडीचा भात आहे. दही घरोघर, आणि ताकाला 'आयरान' म्हणतात. ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा तर एक स्वतंत्र वर्गच आहे. तेव्हा शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फक्त प्रत्येक घरी आपला नेम आधी सांगावा लागतो, आणि यजमानीण 'थोडेसे मांस चालेल ना' म्हणून पुन्हा विचारते तेव्हा हसून 'नाही' म्हणावे लागते. कमरेशी निमुळत्या लहान पेल्यातून कोरा चहा दिवसभर येत राहतो. घरात शिरताना जोडे बाहेर. सणाला वडीलधाऱ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात कपाळी लावावयाचा. नजर लागू नये म्हणून निळा मणी. प्रवासास निघालेल्याच्या मागे भांडेभर पाणी ओतावयाचे, म्हणजे तो पाण्यासारखा सुखाने जाऊन सुखाने येतो. आपल्या आजीबाईंना ह्यातले काहीही समजावून सांगावे लागले नसते.

कायदा मात्र नीट समजून घ्यावा. तेथे केवळ धार्मिक विधीने झालेला विवाह कायद्यास मान्य नाही. १९२६ च्या नागरी संहितेपासून अधिकाऱ्यासमोर त्याची नोंद व्हावी लागते. परदेशी पतीस वा पत्नीस कुटुंब-निवासाचा परवाना काढावा लागतो, आणि विवाहास तीन वर्षे होऊन संसार एकत्र चालू असेल तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पण आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. म्हणजे तीन वर्षांनी त्या मुलीपुढे पुन्हा एकदा ताट येते, आणि ह्या वेळी त्यात लिहावयाचे असते ते देशाचे नाव. घाई करू नये, आणि घरच्यांनीही करवू नये.

तुर्कीत सुनेला 'गेलिन' म्हणतात. 'गेल' म्हणजे ये. गेलिन म्हणजे येणारी, आलेली. आपल्या 'वधू' शब्दाचे मूळ 'वह्' धातूत सांगतात. वधू म्हणजे वाहून आणलेली. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचा न्याय करणे बरोबर नव्हे, हे आम्ही जाणतो. त्या 'येणाऱ्या' मुलीसही तिकडे सासुरवास चुकलेला नाही. तथापि आलेली आणि आणलेली ह्यांतला फरक मनाशी धरण्याजोगा आहे. जी आणली जाते तिचे सर्व काही नवे करावयाचे असते. जी येते ती स्वतःचे काही घेऊन येते, आणि ते ठेवावयास घरात एखादा कोनाडा मोकळा करावा लागतो.

'शाकुंतला'च्या चौथ्या अंकातील कण्वांचा उपदेश आमच्या पिढीने पाठ केला आणि मुलींकडून करवून घेतला: वडिलांची सेवा कर, सवतींशी सख्य ठेव, वगैरे. परंतु त्याच अंकात, त्या उपदेशाच्या आधी, कण्व शिष्याच्या हाती दुष्यंतास निरोप धाडतात की, हिने आपण होऊन तुझ्यावर प्रेम केले आहे, तेव्हा हिला इतरांच्या बरोबरीचा मान दे. मुलीस केलेला उपदेश आपण घरोघर लावला. जावयास धाडलेला निरोप वाटेतच राहिला. परक्या देशातून सून येणार असेल, वा आपली लेक परक्या देशी जाणार असेल, तर प्रथम तो निरोप पोचला पाहिजे.

१४ जानेवारी २०२३ रोजी मुकर्रम जाह इस्तंबूलमध्ये निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह हैदराबादेस आणून मक्का मशिदीच्या आवारात पूर्वजांशेजारी ठेवण्यात आला. तुर्की मातेचा मुलगा तुर्कस्थानात राहिला, पण मातीस सासरच्या गावी, म्हणजे आपल्या वडिलांच्या गावी आला. पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीस, केंद्र सरकारने उस्मानाबादचे नाव धाराशिव करण्यास संमती दिली. मीर उस्मान अली खान ह्यांचे निधनही २४ फेब्रुवारीचेच, १९६७ सालचे. त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलल्याची अधिसूचना निघाली. शंभराहून अधिक वर्षे दप्तरात लिहिलेले नाव गेले आणि बायाबापड्यांच्या तोंडी असलेले नाव वर आले. त्याच निजामाच्या सुनेचे, तिला सासरी न दिलेले नाव मात्र रुग्णालयाच्या दारावर तसेच आहे. ते पुसावे असे कोणास वाटत नाही.

आमच्या गावाने आपले नाव परत मागितले आणि त्याला ते मिळाले. गावाला जे कळते ते सोळा-वीस वर्षे एका नावाने हाक ऐकत आलेल्या मुलीस कळत नसेल काय? येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी तांदळाचे ताट पुढे येईल, त्यांनी अंगठी हाती घेण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे: बाळ, तुला तुझे नाव आवडते ना?